लग्न न झाल्याचा पंचनामा

लग्न झाल्याचा पुरावा कुणीही देईल. फोटो असतो, आहेराची भांडी असतात, नाहीच काही तर पोरं असतात. लग्न झालेलंच नाही याचा पुरावा कुठून आणायचा, ते आम्हाला तायडीमुळं शिकावं लागलं.

तायडी म्हणजे माझी थोरली बहीण. नांदेडला नर्सिंग शिकली आणि तिथून थेट जर्मनीतल्या एका दवाखान्यात जाऊन पोचली. तिथल्याच एका माणसाशी लग्न करायचं ठरवून तिनं अण्णांना कळवलं. अण्णा म्हणजे आमचे वडील, गावच्या शाळेत मास्तर. म्हणाले, पोरगी तिच्या पायावर उभी आहे, आपण कशाला आडवं पडायचं? आडवं पडलं ते तिकडचं सरकार. मुलगी अविवाहित आहे असं तिच्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यानं लिहून दिल्याशिवाय तिथं लग्नच लागत नव्हतं. तोही कागद ताजा हवा, शिळा चालणार नाही. कागद नाही तर लग्न नाही, इतकं सरळ.

आता तिचा जिल्हा कोणता? जन्मली तेव्हा उस्मानाबाद, आता नवा झालेला लातूर. उस्मानाबादेत म्हणाले, लातूरला जा. लातुरात म्हणाले, तुमच्या भागाचं दप्तर अजून आलेलं नाही. पाटी नवी, टेबलं नवी, उत्तर मात्र तेच जुनं, उद्या या! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. अण्णा टोपी सारखी करायचे आणि पुढच्या टेबलाकडं जायचे. त्यांचा तो शांतपणा मला तेव्हा सोसायचा नाही, आता त्याचंच नवल वाटतं. शेवटी निलंग्याच्या तहसिलातल्या एका भल्या कारकुनानं वाट दाखवली. तलाठ्याकडून गावात पंचनामा करून आणा, पंचांच्या सह्या घ्या, कुणाची हरकत नाही असं दिसलं की पुढचं होऊन जाईल.

पण गावात पंच कुठले मिळायला? दुष्काळानं गाव ओस पडलेलं. म्हातारीकोतारी सोडली तर सगळे पाझर तलावाच्या कामावर. मग तलाठ्याला घेऊन आम्हीच कामावर गेलो.

जाताना मला एकच धास्ती होती. कारण तायडीची एकदा सुपारी फुटली होती. मुलगा शेजारच्या वाडीचा. शिक्षण पुरे झालं, आता लग्न करून घरी या, असा त्यांचा निरोप गेला आणि तायडीनं नांदेडहून येऊन सरळ नाही म्हणून सांगितलं. सोयरीक मोडायला अण्णा स्वतः गेले. मुलाच्या आईनं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. तेव्हापासून ती वाटेत दिसली की तोंड फिरवायची. आणि तीच बाई त्या कामावर बायकांच्या टोळीत सगळ्यांच्या पुढं.

तलाठ्यानं बाभळीखाली बसून मजकूर वाचला. माणसं गोळा झाली, पण अंगठा द्यायला कुणी पुढं येईना. आमच्याकडं सुपारी फुटली म्हणजे अर्धं लग्न झालं असंच धरतात. जो तो चोरून त्या बाईकडं बघायचा. तलाठीही पेन टोपणात घालून बसला. म्हणाला, गुरुजी, उद्या कुणी हरकत घेतली तर माझी नोकरी जायची. अण्णांचा चेहरा मला बघवेना. एवढी दारं झिजवली आणि इथं आपल्याच माणसांत खोळंबा! मी काहीतरी तिखट बोलणार, तेवढ्यात त्या बाईनं डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि गर्दीतून पुढं आली.

"सुपारी माझ्या दारात फुटली, साहेब," ती म्हणाली. "पण हार पडले न्हाईत, पंचशील झालं न्हाई. ती पोरगी माझी सून न्हाई, कुणाचीच न्हाई. लिहा."

आणि तिनंच अंगठा पुढं केला. दगडमातीनं अंगठा असा गुळगुळीत झाला होता की ठसा नीट उठेना, कागदावर नुसता काळा डाग. तलाठी म्हणाला, चालंल. तिच्यामागं मग रांग लागली. अण्णांनी हात जोडले. तिनं बघितलंही नाही, टोपली उचलून कामाला लागली. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही. अपमान तिचा झाला होता आणि नड आमची होती. नुसती गप्प बसली असती तरी सूड निघाला असता.

कागद वेळेत पोचला. पुढं लग्नाचा फोटो आला, तेव्हा अण्णा मला म्हणाले, भावकीला मागनं दाखव, आधी वाडीला जाऊन ये.

उन्हात ओट्यावर बसून तिनं फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. नवरा लई उंच हाय म्हणाली. लुगडं इथलंच नेसली का विचारलं. मी हाव म्हटलं.

"तवा लई राग आला व्हता गं मला," ती म्हणाली. "पण कामावर रोज टोपली उचलताना वाटायचं, बरं झालं न्हाई म्हणली. माझ्या घरात आली असती तर ही टोपली तिच्या डोक्यावर असती."

तिनं फोटो पदरानं पुसला, कनवटीला लावला आणि माझ्यासाठी पाणी आणायला उठली. तो फोटो परत मागायची माझी छाती झाली नाही.