गारठलेलं मशीन आणि घोटभर पाणी

आमच्या आप्पांनी आयुष्यात कधी दुधात पाणी घातलं नाही. ते काम मी केलं.

न्हावऱ्यात त्या सकाळी असली थंडी होती की गायसुद्धा उठायला तयार नव्हती. (मीही नव्हतो, पण आप्पांपुढं गाईचं चालतं, माझं नाही!) किटली घेऊन आम्ही बापलेक डेअरीत पहिल्या नंबरला उभे. रात्रभर पत्र्याखाली गारठलेलं दुधातलं फॅट-पाणी मोजायचं मशीन तात्यांनी, म्हणजे डेअरीच्या सेक्रेटरींनी, चालू केलं आणि लगेच आमचं दूध लावलं.

"आप्पा, पानी दिसतंय वो!"

अख्खी रांग आमच्याकडं बघायला लागली. बाळंतिणीसाठी गाव ज्यांच्याकडून दूध नेतं, त्या आप्पांना हे ऐकावं लागलं! आप्पांनी नुसता मफलर सोडला आणि परत गुंडाळला. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. कारेगावला कंपनीत मी क्वालिटीला आहे. मोजायची यंत्रं मला शिकवता?

"तात्या, मशीन गार, दूध गार, आकडा खोटाच येनार! मशीन तापू द्या, मी दूध कोमट करून आनतो."

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "उद्या बघू."

"उद्या कशाला? आत्ताच, समद्यांम्होरं!"

शेजारच्या टपरीवर भांडंभर दूध पातेल्यात कोमट केलं आणि रुबाबात परत आलो. तोवर तात्यांनी मागच्याचं गारढोण दूध लावलं होतं. चोख! म्हणजे मशीन तापलं होतं, आमचं दूध तापवायची गरजच नव्हती. मग आमचं लावलं.

"आप्पा, आता तर जास्तच पानी!"

"शक्यच न्हाई!" मी ओरडलो.

आप्पांनी हळूच विचारलं, "पातेल्यात आधी काय घातलं व्हतंस?"

दूध खाली लागू नये म्हणून आधी घोटभर पाणी! आईनं लावलेली सवय, हातानं आपोआप केलं. तेही मी ओरडूनच सांगितलं.

"व्हय, व्हय," रांगेतून कुणीतरी म्हणालं, "समद्यांचं घोटभरच असतंय!"

सगळे खो खो हसले. "किटलीतलं लावा!" मी विनवलं. पण आप्पांनी किटली उचलली होती.

"लई मोजलं आज," म्हणाले आणि चालू लागले.

त्यानंतर आप्पा डेअरीची पायरी चढले नाहीत. किटली आता आई नेते. तात्या थंडीत मशीन आधी तापवून ठेवतात. आमचं दूध रोज चोख लागतं, फक्त ते बघायला आप्पा नसतात. याचं मला फार वाईट वाटतं.

कंपनीत माझ्या सहीशिवाय एक पार्ट गेटबाहेर पडत नाही. घरात मात्र चहाची वेळ झाली की आप्पा आईला बजावतात, "त्येला सैपाकघरात सोडू नको!"