बाबांची बॅटरी

आज सकाळी शेजारच्या धानाच्या बांधीतून फवारणीच्या औषधाचा उग्र वास आला आणि मी मनाने थेट आमगावच्या आमच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या त्या जुन्या दिवसात जाऊन पोचले.

तेव्हा हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संचाचा, परवाना नुकताच हाती आला होता. मी सायकलवर रेडिओ बसवला, कॅरिअरला बांबू बांधून त्यावर तार चढवली. पण वीज कुठून आणायची? डायनॅमो लावला तर नुसती घरघर ऐकू यायची. शेवटी बाबांच्या फवारणी पंपाची बॅटरी काढली आणि न विचारता निघाले.

हिरव्यागार धानाजवळ सायकल उभी करून मी रेडिओवर हाका देत होते, तोच पाठीवर बंद पंप घेऊन बाबा तणतणत आले. "काऊन वो, पंप का हवेवर चालवू मी?"

नेमका तेव्हाच खरखरीतून माणसाचा आवाज आला. जोधपूरहून! एवढ्याशा बॅटरीवर माझी हाक वाळवंटापर्यंत गेली होती. हॅम लोक भेटले की आधी एकमेकांच्या सामानाची चौकशी करतात. त्यानेही विचारलं, "पॉवर कहाँ से ले रही हैं?"

"धान पर दवा मारने के पंप की बैटरी से."

"कमाल है!" तो खदखदून हसला.

बाबांनी पंप खाली ठेवला. वाटलं, आता बॅटरी उपटून नेणार. ते धुऱ्यावर बसले आणि म्हणाले, "त्याले सांग, बॅटरी माझी आहे."

तेव्हा मला वाटलं होतं, जिंकले ती मी एकटीच. पण संध्याकाळी चहाच्या टपरीवर बाबा छाती काढून सांगत होते, "माझी बॅटरी आज जोधपूरले बोलून आली."