दोन सीडी आणि बंद एसी

"सर्व संबंधितांस कळवण्यात येते की, या क्षणापासून एसी बंद राहील. कोणाचीही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही."

एवढं गंभीरपणे जाहीर करून लीडर बटण दाबायचे आणि कतारमधल्या अल वक्र्याचा ऑगस्ट भिंतींतून आत यायचा. एरवी ते एका कंपनीत स्टोअरकीपर, म्हणून बोलणंही नोटिशीसारखं. शुक्रवारी मात्र आमच्या रॉक बँडचे गिटारवादक, गायक आणि हुकूमशहा. ड्रमवर रत्नागिरीचा बशीर, कीबोर्डवर मी.

वाचकहो, वीस वर्षं आम्ही दोह्यातल्या लग्नांत दुसऱ्यांची गाणी वाजवली. गुडघे दुखायला लागल्यावर लीडरना स्वतःचा अल्बम सुचला. तोही दोन सीडींचा. पहिली घर सोडून इथे आल्याची, दुसरी परत जाण्याची.

"एका सीडीत बसवा की," मी म्हणालो.

"वीस वर्षं एका सीडीत बसतात होय?"

पहिली सीडी आम्ही एसी लावून रेकॉर्ड केली. ऐकायला बसलो, तर प्रत्येक गाण्यामागे एसीची घरघर. अकरा गाणी खलास. तेव्हापासून ती नोटीस. बशीरच्या घरातली मागची खोली, आवाज अडवायला भिंतींवर ब्लँकेटं, आणि एसी बंद. गिटार दर गाण्याला सुरातून उतरायची, बशीरच्या हातातून काठी निसटायची, माझा घाम कीबोर्डवर. लीडरच्या शर्टातून तर पाणी गळायचं. पण गरम होतंय का विचारलं, की ठरलेलं उत्तर : "मला नाही होत. तुम्ही लाडावलात."

अशी चार वर्षं. चांगल्यात चांगलं वाजवलं तरी हेडफोन काढून म्हणायचे, "छान. पुन्हा." मी दोनदा बँड सोडला. दोन्ही वेळा पुढच्या शुक्रवारी परत आलो, कारण कीबोर्ड तिथेच राहिला होता.

मग लीडरना साठ वर्षं पूर्ण झाली. नोकरी संपली, व्हिसा संपत आला, तिकीट रविवारचं. दुसऱ्या सीडीतलं शेवटचं गाणं तेवढं राहिलेलं. शेवटच्या शुक्रवारी सकाळपासून वाजवत होतो. बशीर मध्ये नमाजाला जाऊन आला, तरी जमेना.

"लीडर, आता हात उचलत नाही," तो म्हणाला.

"एकदाच," लीडर म्हणाले. त्यांच्या तोंडून विनंती मी पहिल्यांदाच ऐकली.

त्या वेळी जमलं. अकरा मिनिटं, एक चूक नाही. शेवटचा सूर पुरता विरेपर्यंत कोणी हूं की चूं करायचं नाही, हा लीडरचाच नियम. आम्ही दोघं पुतळे होऊन बसलो. नियम मोडला तो लीडरनीच.

गावी पोचल्यावर त्यांनी फोन करून बजावलं, "माझं ते शेवटचं वाक्य कापा. अल्बमला शोभत नाही."

"इन्शाल्ला," बशीर म्हणाला. म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच असेल.

वर्षभरात लीडर गेले. अजूनही कधीकधी मी आणि बशीर ती सीडी लावतो, तेव्हा आधी एसी बंद करतो. सूर विरत जातो, खोली चिडीचूप होते, आणि मग लीडरचा आवाज येतो :

"बशीर, लाव बाबा तो एसी. मलाही होतंय गरम."