ठरवून केलेल्या तक्रारी

पेणमध्ये घरमालक हा बेकार माणूस समजला जातो. रामवाडीत सायकलवर भांडी विकून मी सुरुवात केली, विटेविटेला घासाघीस करत रोह्याजवळच्या वरसे गावात चाळ बांधली, खोल्या कंपनीच्या कामगारांना भाड्याने दिल्या. तरी माझी ओळख एकच : "बसून खातो!" (ज्या खुर्चीत बसतो, तिचाही भाव मी पाडून घेतला होता. ते कष्ट कोण मोजतो?)

खरी पंचाईत झाली मुलाच्या, मंगेशच्या लग्नात. हमरापूरची रेश्मा त्याला पसंत, तिलाही तो पसंत. अडले ते तिचे वडील. दामूअण्णा गणपती रंगवणारे, दिवसभर हात चालणारा माणूस.

"मुलगा कामाला कुठं?" त्यांनी विचारलं.

"आमच्या खोल्या बघतो."

"बघून झाल्यावर काय करतो?"

"अहो, भाडं येतं की!"

"ता येतंय आपलं आपन. ह्यो काय करतो?"

माझं डोकं तापलं. "काम बघायचंय? या रविवारी वरशाला!"

ते निघून गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, वरशाला काम आहे कुठं?"

खरंच नव्हतं! कोणी तक्रार घेऊन आला, की मी असा भांडायचो की तो पुन्हा यायचा नाही. म्हणून शनिवारी मी चाळीत जाऊन गोड आवाजात म्हणालो, "उद्या पाहुण्यांसमोर जरा तक्रारी करा." भाडेकरूंना वाटलं, शेठला ताप चढलाय. शेवटी मीच वाटणी केली : बबनने नळाची करायची, नंदाताईंनी कडीची. दोन्ही मी स्वतः ढिली करून ठेवली. मंगेशने पान्हा फिरवायचा, की लग्न पक्कं!

रविवारी दामूअण्णा रेश्माला घेऊन आले. बबन ठरल्याप्रमाणे ओरडला, "शेठ, नळ गळतोय!"

"मंगेश, बघ रे!" मी ऐटीत म्हणालो.

नंदाताई बाहेर आल्या. "शेठ, कडी लागत नाय!"

"मंगेश!"

"आन् माझं छप्परपन गळतंय!" नंदाताईंनी पुढं जोडलं.

छप्पर? छप्पर कोणाच्या वाटणीला दिलं होतं? मी गोंधळलो. तेवढ्यात समोरून आवाज आला, "मोरी तुंबलीय!" रात्रपाळी करून झोपलेलासुद्धा उठून आला, "माझी खिडकी!" मंगेश पान्हा घेऊन या दारातून त्या दारात पळत होता आणि मला डोळ्यांनी विचारत होता, 'ही ठरलेली की खरी?' मला तरी कुठं माहीत! घसरत्या जिन्याची तक्रार आली आणि माझा तोल सुटला.

"ए! हे ठरलं नव्हतं!"

दामूअण्णांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग नळाकडे. तो गळतच होता.

दामूअण्णा वर गेले, छपराला हात लावून आले. "काम तं मोप हाय," ते म्हणाले. "करनारा कोन नाय."

"बघा की! मालक व्हायचं म्हणजे—"

"शेठ, तुम्ही घासाघीस करता. ता काम नव्हं."

ते चपला घालू लागले. लग्न मोडलंच! तेवढ्यात भिजलेल्या मंगेशकडे बघत रेश्मा म्हणाली, "बाबा, हे करतील सगळं. मीपण हाय. फक्त त्यांच्या वडलांना मधे बोलू देऊ नका."

त्या एका अटीवर लग्न ठरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी घासाघीस न करता 'व्हय' म्हणालो. (बायकोने माझा हात दाबून धरला होता.)

आता चाळ दोघं बघतात. छप्पर गळत नाही, भाडेकरू हसून बोलतात, त्यांच्याशी. परवा आमच्याच न्हाणीचा नळ गळू लागला. मी सुनेला हाक मारली.

"मामा, थांबावं लागेल," ती पान्हा घेऊन वरशाला निघत म्हणाली. "आधी भाडं देणारे!"

तेव्हापासून नळाखालची बादली भरली की मी ती ओततो. चला, कामाला तर लागलो!