टिकल्यांची चाल

लेक पुण्याच्या कॉलेजात संगणकातली माणसं खऱ्यासारखी चालवायचं संशोधन करत होती. दौंडला माझ्या भावाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायची, गाडीनं ये-जा करायची. तिला मेंढरांमागं चाललेल्या माणसाची चाल हवी होती. तसा माणूस आमच्या न्हावऱ्याच्या घरात होताच.

एका सुट्टीत ती मागून आणलेला कॅमेरा घेऊन आली. जन्मभर धोतर नेसलेल्या बापाला तिनं काळी पँट आन् अंगाला चिकटणारा काळा शर्ट घातला. गुडघे, घोटे, कोपरं, सगळ्या सांध्यांवर कागदी ठिपके चिकटवले. ते बघून संगणकाला चाल कळणार म्हणे. घामानं ठिपके गळाले. मग शहाणी मी! पेटीतलं लाल टिकल्यांचं पाकीट काढलं आन् नवऱ्याला सजवत बसले. जाता जाता एक कपाळावरही डकवली.

"आता बांगड्या बी भर," हे म्हणाले.

"मापाच्या मिळंनात."

लेक ओरडली, "आई, राहू दे ती कपाळावरची. डोक्याचा ठिपका लागतोच."

त्यानंतर काही महिन्यांनी हे झोपेतच गेले. बायकांनी माझी टिकली काढली. येणारी जाणारी माझ्या डोळ्यांकडं बघायची आन् मी चहात साखर बरोबर पडली का ते बघत होते. रडू येईना. छातीत पोतं भरून ठेवल्यासारखं, बास.

पुढं लेकीनं मला दौंडला नेलं. संगणकापुढं बसवून म्हणाली, "एडक्याच्या धडकेपासून आबा डावा पाय ओढायचे ना, तो झटका सरांना नकोय. चाल गुळगुळीत पाहिजे. तसाच ठेवला तर मला सगळं काम नव्यानं मांडावं लागेल. काय करू?"

आधी तिनं सरळ केलेली चाल दाखवली. काळ्या पडद्यावर लाल ठिपके झोकात निघाले.

"हा कोण?" मी विचारलं.

तिनं दुसरी लावली. डाव्या घोट्याचा ठिपका जरा मागं राहिला, मग ओढत पुढं आला. वर कपाळाची टिकली हलत होती. माझी उतरली होती, ह्यांची होती तिथंच. मी खुळी, डोक्यावरचा पदर पुढं ओढून बसले. संगणकापुढं! रानात पाय ओढत चालले तरी हे माझ्या पुढंच असायचे आन् मी मागनं ओरडायची. तेच तोंडातनं गेलं.

"अहो, जरा दमानं."

लेकीनं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं सरळ केलेली चाल पुसून टाकली.

भावजयीनं चहा आणला. साखर कमी होती. मी तसाच प्याले.