लॉबीत थांबलेल्यांचा इतिहास

आदरणीय नलिनीताईंना मी प्रथम पाहिलं ते शहराच्या मध्यभागातल्या एका जुन्या, छोट्या हॉटेलच्या लॉबीत. क्लेमेंटी या उपनगरात खोली घेऊन मी तेव्हा पोस्टडॉक करत होतो. ताईंना हॉटेलचे फोटो काढून हवे होते आणि मला फोटोंचा नाद, म्हणून गेलो. दुपार कलली होती. हिरवट काचांतून आलेलं ऊन फरशीवर पाण्यासारखं हलत होतं आणि ताई एका चिनी आजींशेजारी निवांत बसल्या होत्या. मला त्यांनी हातानेच बसायला सांगितलं.

या हॉटेलच्या वरच्या मजल्यावर एकेकाळी पत्त्यांचा क्लब चाले. लोक त्याला कॅसिनोच म्हणत. हॉटेलचा इतिहास लिहिण्याचं काम मालकांनी ताईंकडे सोपवलं होतं. झुंबरं, बडे पाहुणे, एका डावात पालटलेली नशिबं, हे सारं त्यांनी रंगून लिहिलं. पण त्या आजी, मॅडम लिम, तरुणपणी याच लॉबीत नवऱ्याची वाट पाहत बसत. आणखीही बायका असत. एकमेकींची पोरं मांडीवर घेत. जिन्यात पाऊल वाजलं की साऱ्याच माना वर करत. हरला की जिंकला, ते पावलांवरूनच कळायचं, असं आजी सांगत. ताईंनी या बायकांवर एक प्रकरण लिहिलं.

मालकांना ते नको होतं. पाहुण्यांचा विरस होईल, असं त्यांचं म्हणणं. पुस्तक अडलं.

"ताई, एवढं प्रकरण सोडून द्या, पुस्तक तरी निघेल," मी सुचवलं.

"मग उरलं काय? झुंबरं?" ताई शांतपणे म्हणाल्या.

त्यांनी हस्तलिखित परत घेतलं आणि पुढे स्नेह्यांच्या मदतीने पुस्तक स्वतःच छापलं. पहिली प्रत घेऊन आम्ही मॅडम लिमकडे गेलो. त्यांची नजर गेली होती, म्हणून नातीने ते प्रकरण वाचून दाखवलं. आजी डोळे मिटून ऐकत होत्या. एका मैत्रिणीचा उल्लेख आला तशी त्यांनी नातीचा हात धरला. "तिचं नाव पुन्हा वाच."

माणसाशेजारी बसणं हा ताईंचा स्वभावच आहे. मला डेंगी झाला, तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला मरीन परेडला असलेल्या घरून दोन बस बदलून त्या मऊ भाताचा डबा घेऊन आल्या आणि ताप उतरेपर्यंत उशाशी बसून राहिल्या. उपदेशाचा एक शब्द नाही.

पंचाहत्तरीत ताई आता यिशुन या वस्तीतल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या आठवणी जमवत आहेत. "याला वेळ लागेल हं," असं त्या आम्हाला बजावतात. लागू दे. ताईंचे गुडघे आणि कान शाबूत राहोत, प्रकृती ठणठणीत राहो आणि हे काम पुष्कळ, पुष्कळ वर्षं पुरं होऊच नये.