मनगटाचे माप

कचेरीबाहेर मी अर्ज लिहितो आणि शेजारी कासार बांगड्या भरतो. आज गंगूआक्का मोडलेल्या मनगटाचे प्लास्टर काढून थेट त्याच्यापुढे येऊन बसल्या.

“पाळी गेली तशी हाडं ठिसूळ झाली म्हणे,” त्यांनी सांगताच कासाराने घाबरून मोठ्या मापाच्या बांगड्या काढल्या.

“त्या तुझ्या म्हशीच्या शिंगात घाल! मला माझंच माप पाहिजे. डॉक्टरनं हात मोकळा केलाय.”

कासार श्वास रोखून हात दाबू लागला. माझी लेखणीही थांबली. वय हाडांतले बळ न विचारता घेऊन जाते. हौसेचा ठावठिकाणा मात्र त्यास अद्याप सापडलेला नसावा, असे माझे नम्र मत झाले.

हिरव्या बांगड्या एकेक करून सुखरूप मनगटात उतरल्या. आक्कांनी हात हलवून त्या वाजवून पाहिल्या.

“घाम पूस, भाऊ,” त्या हसल्या, “दुसरा हात राहिलाय.”